उपचारांनंतर रुग्णाचे काय झाले? सांगली-मिरजेत क्लिनिकल संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, 1962 मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि आज सांगली जिल्ह्यातील दहाही तालुक्यांबरोबर शेजारच्या सोलापूर, बेळगाव व विजापूर भागांतील रुग्ण उपचारांसाठी सांगली-मिरजेचा रस्ता धरतात. एवढा मोठा रुग्णवर्ग असलेल्या ठिकाणी संशोधनाला विषय शोधत बसावे लागत नाही. अवघड असते ते पुढचे. डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी गेलेल्या माणसाचे सहा महिन्यांनी काय झाले, हे केसपेपरवर सहसा लिहिलेले नसते, आणि जो रुग्ण परत आलाच नाही त्याच्याविषयी तर एक ओळही सापडत नाही. उपचारांची निष्पत्ती, म्हणजे त्यांतून शेवटी रुग्णाचे काय झाले ते, आणि आरोग्यातील विषमता यांवर काम करायचे असेल, तर नेमका हाच परत न आलेला रुग्ण आपल्या अभ्यासाचा केंद्रबिंदू आहे, असे माझे ठाम मत आहे. पुढचे सगळे विवेचन त्याच दृष्टीने केले आहे.

एम.डी. किंवा एम.एस.च्या पहिल्या वर्षाला प्रबंधाचा विषय निवडणारे विद्यार्थी, तसेच संशोधन समन्वयक म्हणून नव्याने रुजू झालेले परिचारिका, फार्मसीचे आणि समाजकार्याचे पदवीधर यांच्यासाठी हा लेख आहे. सगळ्या पायऱ्या एकाच उदाहरणावर समजावून दिल्या आहेत. ते उदाहरण म्हणजे मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम. आपल्या भागात शेतात अनवाणी किंवा साध्या चपलेवर काम करणारी माणसे पुष्कळ आहेत. पायाची संवेदना गेलेली असली की खिळा किंवा उसाचे खोडके रुतलेले कळत नाही, आणि पुढे बोट किंवा अख्खा पाय कापावा लागतो.

पहिली पायरी : प्रश्न एका वाक्यात लिहा

नवखा संशोधक बहुधा विषय घेऊन येतो, प्रश्न घेऊन येत नाही. ‘मधुमेही पायाचा अभ्यास’ हा विषय झाला. प्रश्नात चार गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात: कोणते रुग्ण, कशाचा परिणाम पाहायचा, कोणाशी तुलना करायची आणि कोणती निष्पत्ती किती काळाने मोजायची. आपल्या उदाहरणात तो असा मांडता येईल: मधुमेहामुळे पायाला जखम होऊन मिरजेच्या रुग्णालयात प्रथमच आलेल्या प्रौढ रुग्णांपैकी जत, आटपाडी आणि कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतून आलेल्यांमध्ये, सांगली-मिरज शहरांत राहणाऱ्यांच्या तुलनेत, सहा महिन्यांत पायाचा कोणताही भाग कापावा लागण्याचे प्रमाण जास्त असते का? हे वाक्य लिहून होईपर्यंत फॉर्म तयार करायला घेऊ नये.

प्रश्न चांगला असेल तर त्याचे उत्तर कोणाच्या तरी आयुष्यात फरक पाडते. 1956 मध्ये मद्रासमध्ये क्षयरोग उपचारांचे संशोधन केंद्र सुरू झाले. त्या काळी क्षयाचा रुग्ण म्हणजे सॅनेटोरियम, विश्रांती आणि सकस आहार असे समीकरण होते, आणि गरिबाला यातले काहीच परवडत नव्हते. दाटीवाटीच्या वस्तीत घरीच राहून गोळ्या घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतका बरा होतो का, हा प्रश्न तेथील संशोधकांनी घेतला आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निःपक्ष पद्धतीने रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखे निघाले, आणि घरच्या माणसांना संसर्गाचा धोकाही वाढलेला दिसला नाही. घरी राहून क्षयावर उपचार घेण्याची पद्धत जगभर रूढ होण्यास या अभ्यासाने मोठा हातभार लावला.

लहान गावात राहून असे काम होत नाही, ही समजूतही सोडून द्यावी. महाबळेश्वरचा घाट उतरून कोकणात गेले की महाड लागते. तेथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांवर वर्षानुवर्षे काम केले. 2011 मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या चाचणीत अवघे 70 रुग्ण होते. निम्म्यांना प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाच्या गोळ्या आणि निम्म्यांना प्राझोसिनसह विंचवाच्या विषावरील प्रतिविष दिले होते. दहा तासांच्या अखेरीस विषबाधेची लक्षणे ओसरली का, एवढीच मुख्य निष्पत्ती आधी ठरवलेली होती. प्रतिविषाच्या गटात 35 पैकी 32 आणि दुसऱ्या गटात 35 पैकी 8 रुग्ण त्या वेळेपर्यंत सावरले होते. प्रश्न नेमका होता, निष्पत्ती थेट रुग्णाशी निगडित होती आणि वेळ ठरलेली होती, म्हणूनच एवढ्या लहान चाचणीला किंमत आली.

येथे रचनेविषयी थोडे सांगितले पाहिजे. दोन उपचारांपैकी कोणता चांगला हे ठरवायचे असेल, तर रुग्ण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवावे लागते, कारण जास्त आजारी रुग्णाला जास्त प्रभावी औषध द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यामुळे तुलना बिघडते. पण कोणी जतला राहावे आणि कोणी मिरजेला, हे आपण ठरवू शकत नाही. त्यामुळे विषमतेचे बहुतेक अभ्यास निरीक्षणात्मक असतात. रुग्ण जसे येतील तसे नोंदवायचे आणि पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवायचे, याला कोहोर्ट अभ्यास म्हणतात, आणि आपले उदाहरण त्याच प्रकारात मोडते.

दुसरी पायरी : निष्पत्ती रुग्णाच्या बाजूने निवडा

रक्तातील साखर किंवा एचबीएवनसी (मागच्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर) मोजायला सोपे असते, म्हणून पुष्कळ अभ्यास तेवढ्यावरच थांबतात. रुग्णाच्या दृष्टीने पाय शाबूत राहिला का, जखम भरली का, पुन्हा कामावर जाता आले का आणि घरावर किती कर्ज झाले, हे प्रश्न मोठे असतात. मुख्य निष्पत्ती एकच ठेवावी आणि तिची व्याख्या इतकी काटेकोर लिहावी की दोन वेगवेगळ्या सिस्टरांनी तोच पाय पाहिला तरी उत्तर एकच यावे. उदाहरणार्थ, जखम भरली म्हणजे संपूर्ण जखमेवर त्वचा आली, कोठेही स्राव नाही, ड्रेसिंगची गरज उरली नाही आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिल्यावरही स्थिती तीच आहे. ‘सुधारणा आहे’ असा शेरा संशोधनात चालत नाही.

सुरुवातीची स्थिती नोंदवतानाही हाच काटेकोरपणा हवा. जखमेची खोली वॅग्नर श्रेणीने नोंदवता येते: 0 म्हणजे त्वचा अखंड पण पाय धोक्यात, 1 म्हणजे वरवरची जखम, 2 म्हणजे स्नायुबंध किंवा हाडापर्यंत गेलेली, 3 म्हणजे खोल जखमेत पू किंवा हाडाचा संसर्ग, 4 म्हणजे पावलाच्या पुढच्या भागाचे गँगरीन आणि 5 म्हणजे संपूर्ण पावलाचे गँगरीन. पायाची संवेदना तपासण्यासाठी 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा जाडसर धागा, वापरतात. तो आधी रुग्णाच्या हातावर टेकवून दाखवावा, म्हणजे काय जाणवायला हवे ते त्याला समजते. नंतर डोळे मिटायला सांगून तळपायाच्या ठरलेल्या जागी धागा काटकोनात टेकवावा आणि तो किंचित वाकेपर्यंतच दाबावा. घट्टा पडलेल्या जागी टेकवू नये, कारण तेथे निरोगी माणसालाही स्पर्श कळत नाही. ‘आता कळतंय का?’ असे प्रत्येक वेळी विचारू नये, कारण रुग्ण अंदाजाने ‘हो’ म्हणत राहतो. कळले की त्यानेच सांगावे, असे आधी ठरवून घ्यावे. जखमेचा फोटो घेताना शेजारी मोजपट्टी आणि नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी व चेहरा चुकूनही येऊ देऊ नये.

तिसरी पायरी : विषमता मोजायची कशी

‘ग्रामीण की शहरी’ एवढा एकच रकाना ठेवला तर हाती काही लागत नाही. मोठ्या बाजारपेठेच्या गावातला व्यापारी आणि जतच्या सीमेवरील वाडीतला मेंढपाळ हे दोघेही त्या रकान्यात शेजारी येऊन बसतात. गाव, रुग्णालयापर्यंत पोहोचायला लागलेला वेळ, बदललेल्या गाड्या, सोबत कोणी आले होते का, शिक्षण, व्यवसाय, शिधापत्रिकेचा रंग, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळाला का, असे प्रश्न वेगवेगळे विचारावेत. उत्पन्नासाठी ग्रामीण भागात बी. जी. प्रसाद यांचे वर्गीकरण वापरण्याचा प्रघात आहे. ते दरडोई मासिक उत्पन्नावर बेतलेले असून त्याच्या मर्यादा महागाई निर्देशांकानुसार अद्ययावत करून घ्याव्या लागतात, कारण जुना तक्ता तसाच वापरला तर जवळजवळ सगळे रुग्ण वरच्या वर्गात जाऊन बसतात. शेतीच्या घरात मासिक उत्पन्न विचारून नीट उत्तर मिळत नाही. जमीन किती, बागायत की जिरायत, आणि या दुखण्यासाठी काही विकले किंवा गहाण ठेवले का, हे विचारले तर परिस्थिती जास्त खरी कळते.

सर्वांत मोलाची माहिती कालक्रमाची असते. जखम प्रथम केव्हा दिसली, पहिला उपचार कोणाकडे घेतला, तेथून पुढे कोठे पाठवले, आणि मिरजेत पोहोचेपर्यंत किती दिवस गेले? पुष्कळ रुग्णांना तारखा आठवत नाहीत. गावची जत्रा, पेरणी, दिवाळी, ऊस तुटून गेला तो आठवडा अशा खुणा धरून विचारले की दिवसांचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. महिलांना हे प्रश्न नवऱ्याच्या किंवा मुलाच्या समोर न विचारता वेगळे विचारावेत, कारण ‘घरात आधी कोणाला दवाखान्यात नेतात’ याचे खरे उत्तर समोर माणसे असताना मिळत नाही.

चौथी पायरी : किती रुग्ण लागतील

हा हिशेब समुदाय वैद्यक विभागातील संख्याशास्त्रज्ञाकडून सुरुवातीलाच करून घ्यावा, शेवटी नव्हे. तरी त्यामागचे गणित आपल्याला समजलेले असावे. समजा, दुष्काळी तालुक्यांतील 30 टक्के आणि शहरातील 15 टक्के रुग्णांना अंगच्छेद करावा लागेल असे आपण गृहीत धरले. हे आकडे येथे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात ते आधीच्या अभ्यासांवरून किंवा लहान प्राथमिक पाहणीवरून घ्यावे लागतात. दोन प्रमाणांची तुलना करण्याच्या नेहमीच्या सूत्राने, 5 टक्के सार्थकता पातळी (खरा फरक नसताना तो आहे असे ठरण्याची शक्यता) आणि 80 टक्के शक्ती (खरा फरक असल्यास तो अभ्यासात दिसून येण्याची शक्यता) धरून, प्रत्येक गटात 118 रुग्ण लागतात. त्यातील 15 टक्के रुग्णांचा माग सुटेल असे धरले, तर 118 ला 0.85 ने भागून 139 हा आकडा येतो. म्हणजे दोन्ही गट मिळून 278. एका वर्षात आपल्या ओपीडीत एवढे रुग्ण येतात का, हे मागच्या वर्षाचे रजिस्टर पाहून तपासावे. येत नसतील तर शेजारच्या रुग्णालयाला सोबत घ्यावे किंवा प्रश्न बदलावा. अपुऱ्या रुग्णांवर अभ्यास रेटून नेला, तर रुग्णांचा वेळ वाया जातो आणि हाती काहीच येत नाही.

पाचवी पायरी : मंजुरी

रुग्णाला पहिला प्रश्न विचारण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी हवी. केवळ प्रश्नावलीचा अभ्यास असला तरी हा नियम सुटत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, 2017 ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे एकदा संपूर्ण वाचावीत. औषधाची चाचणी करायची असेल तर ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, 2019’ लागू होतात. अशा चाचणीत गंभीर प्रतिकूल घटना घडली, तर प्रमुख संशोधकाने 24 तासांच्या आत ती कळवावी लागते, आणि संशोधनामुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई हा सहभागी व्यक्तीचा हक्क आहे.

अभ्यासाची नोंदणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय, येथे विनामूल्य करता येते. ही रजिस्ट्री 2007 पासून सुरू आहे, आणि 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण दाखल करण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. आपला अभ्यास निरीक्षणात्मक असला तरी नोंदणी करावी, असे मी सुचवेन. मुख्य निष्पत्ती आधीच जाहीर केलेली असली की नंतर सोयीचा आकडा पुढे करण्याचा मोह आपोआप टळतो.

सहावी पायरी : संमती

संमतीपत्र मराठीत असतेच, पण ते मुख्यतः इंग्रजी मसुद्यावरून उतरवलेले असते आणि त्यातली वाक्ये आपल्या घरातही कोणी बोलत नाही. मसुदा तयार झाला की वॉर्डातल्या एखाद्या मावशींना वाचून दाखवावा आणि काय समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला सांगावे. जेथे त्या अडखळतील तेथे वाक्य बदलावे आणि बदललेला मसुदा पुन्हा समितीकडून मंजूर करून घ्यावा. जत तालुक्याच्या पूर्व भागात कन्नड बोलणारी गावे आहेत, शिवाय कर्नाटकातून येणारे रुग्ण वेगळेच. त्यांच्यासाठी कन्नड संमतीपत्र आणि कन्नड बोलणारा सहकारी हवा. तशी सोय नाही म्हणून त्यांना अभ्यासातून वगळले, तर ज्या विषमतेचा आपण शोध घेत आहोत तीच आपल्या हातून घडते.

लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीला संपूर्ण मजकूर वाचून दाखवताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार उपस्थित हवा. अंगठा रुग्णाचा आणि सही साक्षीदाराची. संमतीपत्राची एक प्रत रुग्णाला दिलीच पाहिजे. पांढरा कोट घातलेल्या डॉक्टरने ‘इथे सही करा’ म्हटल्यावर आपल्याकडचा रुग्ण क्वचितच नाही म्हणतो. त्यामुळे शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरने स्वतः संमती घेऊ नये. ‘आजी, तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे ड्रेसिंग, औषधे आणि योजनेचा लाभ जसा आहे तसाच चालू राहील, आणि मध्येच थांबावेसे वाटले तरी तुम्हाला कोणी काही बोलणार नाही,’ हे वाक्य तोंडाने, सावकाश आणि प्रत्येकाला सांगावे. फेरतपासणीसाठी प्रवासभाडे आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई देता येते. तिची रक्कम समितीकडून मंजूर करून घ्यावी. ही रक्कम संशोधनाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरावी, कारण ती नसेल तर दुसऱ्या फेरतपासणीला फक्त जवळचे आणि बऱ्या परिस्थितीतले रुग्ण उरतात.

नोंदी ठेवण्याविषयी थोडक्यात सांगतो. नाव आणि मोबाइल नंबर एका कुलूपबंद वहीत, बाकी सर्व माहिती केवळ क्रमांकाने दुसऱ्या फाइलमध्ये ठेवावी. रुग्णांचे केसपेपर किंवा फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नयेत. कोरा रकाना आणि ‘शून्य’ यांत गल्लत होऊ देऊ नये. दर आठवड्याला दहा फॉर्म मूळ केसपेपरशी ताडून पाहावेत.

सातवी पायरी : पाठपुरावा, म्हणजे खरे काम

रुग्ण दाखल करून घेण्याच्या दिवशीच पाठपुराव्याची पायाभरणी होते. दिलेला मोबाइल नंबर पुष्कळदा मुलाचा किंवा शेजाऱ्याचा असतो. त्यामुळे फोन कोणाचा आहे, तो उचलणाऱ्याला आजाराविषयी सांगितलेले चालेल का, आणि केव्हा फोन केलेला बरा, हे रुग्णालाच विचारून लिहून ठेवावे. आणखी दोन नंबर घ्यावेत. गावाच्या नावापुढे वाडी, वस्ती आणि जवळची खूण लिहावी, कारण एकाच नावाची माणसे एका गावात चार निघतात. ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी फोन करावा. कोणी दुसऱ्याने उचलला तर ‘मिरजेहून बोलतोय, काकांशी दोन मिनिटे बोलायचे होते’ एवढेच म्हणावे.

ऊसतोड कामगारांचा प्रश्न वेगळा आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास आपल्या साखर कारखान्यांच्या परिसरात उतरतात आणि गाळप हंगाम संपला की परततात. जानेवारीत दाखल केलेला रुग्ण सहा महिन्यांनी जुलैमध्ये आपल्या जिल्ह्यात सापडणारच नाही. त्याच्या मूळ गावाचा पत्ता, तेथील नातेवाइकाचा नंबर आणि जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र पहिल्याच दिवशी नोंदवावे. मुकादमामार्फत निरोप धाडणे सोपे वाटते, पण उचल देणारा तोच असतो. पायाला जखम आहे हे त्याला कळले तर पुढच्या हंगामात त्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, काम मिळेल का, याची भीती कामगाराच्या मनात असते. म्हणून रुग्णाने स्वतः सांगितल्याशिवाय मुकादमाला मध्ये घेऊ नये.

रुग्ण आला नाही तर तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी फोन करावा. त्यानेही माग लागला नाही, तर गावातील आशाताईंची मदत घ्यावी किंवा घरी जाऊन भेटावे; यासाठी रुग्णाची आधीच परवानगी घेतलेली असावी. घरी गेल्यावर तो का आला नाही हे ऐकून घ्यावे आणि त्याच्याच शब्दांत लिहावे. गाडीभाडे नव्हते, द्राक्षाची छाटणी चालू होती, सोबत यायला कोणी नव्हते, दुसऱ्या दवाखान्यात बोट काढले आणि आता मिरजेला कशाला जायचे: यातले प्रत्येक उत्तर निष्पत्तीइतकेच मोलाचे आहे. मृत्यूची बातमी कळली तर ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीतून तारीख पडताळता येते. मात्र तेरावा होईपर्यंत घरच्यांना प्रश्न विचारू नयेत.

एवढे का करायचे, ते आकड्यांत पाहू. समजा, दुष्काळी गटातील 139 पैकी 30 जणांचा माग लागला नाही आणि उरलेल्या 109 पैकी 22 जणांना अंगच्छेद करावा लागला. अहवालात 20.2 टक्के असे लिहिले जाईल. पण न सापडलेल्या 30 पैकी एकाचाही पाय गेला नसेल तर खरे प्रमाण 15.8 टक्के निघते, आणि सगळ्यांचाच गेला असेल तर 37.4 टक्के. या दोन टोकांमधले अंतर इतके मोठे आहे की आपला निष्कर्ष कोणत्याही बाजूला झुकू शकतो. जे सर्वांत गरीब, सर्वांत दूरचे आणि सर्वांत आजारी, तेच सुटण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे चूक बहुधा एकाच दिशेने होते आणि विषमता आहे त्यापेक्षा कमी दिसते.

आठवी पायरी : विश्लेषण करताना काय पुसले जाते

सॉफ्टवेअर कोणते वापरावे याची चर्चा येथे करत नाही. ते शिकून घेता येते. विचाराची एक जागा मात्र नवख्यांनी आणि कधी कधी अनुभवी लोकांनीही चुकवलेली असते. ती काल्पनिक आकड्यांनी दाखवतो.

समजा, शहरातील 200 रुग्णांपैकी 150 जण वरवरची आणि 50 जण खोल जखम घेऊन आले. वरवरच्या जखमेत 6 आणि खोल जखमेत 20 अंगच्छेद झाले, म्हणजे एकूण 26, अर्थात 13 टक्के. दुष्काळी तालुक्यांतील 200 रुग्णांपैकी वरवरच्या जखमा 50 आणि खोल जखमा 150 होत्या. त्यांत अनुक्रमे 2 आणि 60 अंगच्छेद झाले, म्हणजे एकूण 62, अर्थात 31 टक्के. आता जखमेच्या खोलीनुसार पाहिले तर दोन्हीकडे वरवरच्या जखमेत 4 टक्के आणि खोल जखमेत 40 टक्के असेच प्रमाण आहे. संगणकात जखमेची श्रेणी ‘समायोजित’ केली, म्हणजे सारख्या खोलीच्या जखमांचीच आपसांत तुलना केली, की दोन गटांतला फरक शून्यावर येतो, आणि संशोधक लिहून मोकळा होतो की राहण्याच्या ठिकाणाचा निष्पत्तीवर परिणाम आढळला नाही.

हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. रुग्णालयात पोहोचल्यानंतर दोन्ही गटांना सारखे उपचार मिळाले, एवढेच त्यावरून म्हणता येते, आणि तेही महत्त्वाचे आहे. पण जतचा रुग्ण खोल जखम घेऊन आला, कारण त्याला पोहोचायला उशीर झाला. हा उशीर अंतरामुळे, पैशांमुळे आणि मधल्या चुकीच्या उपचारांमुळे झाला. जखमेची खोली हा विषमतेच्या वाटेवरचाच एक टप्पा आहे. तो समायोजित करून टाकला म्हणजे आपण शोधायला निघालो होतो तीच गोष्ट पुसून टाकली. म्हणून तिन्ही आकडे द्यावेत: आधी समायोजन न केलेला एकूण फरक, मग वय आणि लिंग यांचा विचार करून आलेला फरक, आणि शेवटी जखमेची श्रेणी धरल्यावर त्यातला किती उरतो ते. कोणता घटक कशाच्या आधी येतो याची बाणांची आकृती माहिती गोळा करण्यापूर्वीच कागदावर काढून ठेवली, तर ही गफलत टळते.

फरक मांडताना केवळ पी-मूल्य, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, देऊ नये. 95 टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा फरक ज्या दोन टोकांच्या दरम्यान असावा ती टोके, द्यावी आणि सापेक्ष फरकाबरोबर निरपेक्ष फरकही सांगावा. एखाद्या उपचाराने धोका 10 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आला तर ‘20 टक्के घट’ असे म्हणता येते, पण प्रत्यक्षात 50 रुग्णांवर तो उपचार केल्यावर एकाचा फायदा होतो. उपचार महागडा असेल तर हे दुसरे वाक्य रुग्णाला आणि जिल्हा प्रशासनाला कळणे अगत्याचे आहे.

नववी पायरी : निष्कर्ष कोणाला सांगायचे

प्रबंध लिहिताना निरीक्षणात्मक अभ्यासासाठी ‘स्ट्रोब’ आणि यादृच्छिक चाचणीसाठी ‘कॉन्सॉर्ट’ या तपासण्याच्या याद्या समोर ठेवाव्यात. किती रुग्णांना विचारले, किती जणांनी नकार दिला आणि किती जणांचा माग सुटला, याची आकृती पहिल्या पानांतच यावी. माग सुटलेल्यांचे वय, तालुका आणि जखमेची श्रेणी उरलेल्यांच्या शेजारी मांडावी, म्हणजे कोण सुटले ते वाचणाऱ्याला दिसते. अपेक्षित निष्कर्ष निघाला नाही तरी तो प्रसिद्ध करावा.

निबंध छापून आला म्हणजे काम आटोपले असे मानू नये. एक पानाचा मराठी सारांश तयार करून तो जिल्हा आरोग्य अधिकारी, संबंधित तालुका आरोग्य अधिकारी आणि ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून रुग्ण आले तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावा. त्यात नुसती टक्केवारी नको. कोणत्या टप्प्यावर किती दिवस गेले आणि तो टप्पा कसा कमी करता येईल, हे लिहावे. उदाहरणार्थ, उपकेंद्रात मोनोफिलामेंट ठेवून मधुमेही रुग्णांचे पाय दर तीन महिन्यांनी तपासणे, किंवा पायाला जखम दिसताच तारीख घालून रेफरची चिठ्ठी देणे. आशाताईंच्या मासिक बैठकीत दहा मिनिटे मागून घ्यावीत आणि निष्कर्ष तोंडी सांगावेत. ज्या रुग्णांनी आपला वेळ दिला त्यांनाही फोन करून काय आढळले ते कळवावे. त्या फोनवर कोणी ‘माझी जखम पुन्हा चिघळली आहे’ असे म्हणाले, तर अभ्यासाची मुदत संपली असली तरी त्यांना ओपीडीचा वार आणि खोली क्रमांक सांगावा, आणि त्या दिवशी आपण स्वतः तेथे हजर राहावे.